कर्नलनं पंचनामा करावा, निकाल देऊ नये

टचपॅडवर टेकलेला तळहात कोणता आणि बोट कोणतं हे ओळखणं, बोटाची टिचकी क्लिक समजायची की नुसता स्पर्श हे ठरवणं, माऊसच्या हालचालीला गती देणं, कळफलकाचे भाषावार तक्ते लावणं, ही सगळी कामं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच व्हायला हवीत असं मानणारा एक पक्ष आहे आणि तो लहान नाही. एम्बेडेड क्षेत्रात केस पांढरे झालेले अभियंते त्यात आहेत, तसेच नुकतंच ड्रायव्हर लिहायला शिकलेले उत्साही तरुणही आहेत. त्यांचं म्हणणं असं: इनपुट ही यंत्राची बाब, यंत्राचा कारभार कर्नलचा. ते काम साध्या प्रोग्रॅमांच्या वस्तीत, युजर स्पेसमध्ये नेलं की प्रत्येक इव्हेंटला वेस ओलांडावी लागते. त्यात वेळ जातो, आणि वर ज्याचा त्याचा डेस्कटॉप आपापला अर्थ लावत बसतो. कर्नलमध्ये ठेवलं की एकदाच लिहायचं, सगळीकडे तेच चालणार, आणि चालणार तेही वेगानं.

ऐकायला हे सरळ वाटतं. पण यातलं पहिलंच वाक्य तपासून पाहिलं तर पुढचं सगळं डळमळतं.

वेगाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकी मुद्दे संपले की ही मंडळी पुन्हा तिथेच येतात. साध्या यूएसबी माऊसला संगणक बहुधा सेकंदाला १२५ वेळा विचारतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगच्या माऊसला १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं. आणि कर्नलनं इव्हेंट पुढे सरकवला, बाहेरचा प्रोग्रॅम जागा झाला आणि त्यानं तो वाचला, याला मोकळ्या यंत्रावर काही मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा हजारावा भाग. जिथे उपकरण स्वतः ८ मिलिसेकंद गप्प बसतं आणि पडदा १६ मिलिसेकंद थांबतो, तिथे वेशीवरच्या या किरकोळ जकातीसाठी गाव उठवायचं?

त्याहून गमतीची गोष्ट टॅपची. लिनक्सवर टचपॅडचा अर्थ लावणारी लिबइनपुट ही लायब्ररी बोट टेकल्यापासून १८० मिलिसेकंदांच्या आत उचललं गेलं तरच त्याला टॅप मानते. उचलल्यानंतरही बटण सुटल्याचा इव्हेंट ती लगेच पाठवत नाही. माणूस पुन्हा बोट टेकवून काही ओढणार आहे का, याची वाट पाहते. हा विलंब संगणकाच्या संथपणाचा नाही. माणसाच्या मनात काय आहे हे त्याच्या बोटावरून ओळखायला तेवढा वेळ लागतोच. हाच कोड कर्नलमध्ये नेऊन ठेवला तरी १८० मिलिसेकंदांचे १७९ होणार नाहीत.

वेगवाद्यांकडे एक खरा मुद्दा आहे, पण तो ते क्वचितच मांडतात. युजर स्पेसचा प्रश्न सरासरी वेळेचा नाही, वाईट दिवसाचा आहे. मेमरी भरली, प्रोग्रॅमची पानं डिस्कवर गेली, किंवा मुख्य थ्रेड कुठल्या ॲनिमेशनमध्ये अडकला, की माऊसचा बाण पडद्यावर गोठतो. कर्नलचा कोड असा डिस्कवर जात नाही. लिनक्सवर पडदा आणि इनपुट सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरनं यावर बरीच वर्षं एक जुगाड चालवला होता: इव्हेंट आला की सिग्नल यायचा आणि सिग्नल हँडलरमध्येच बाण हलवला जायचा. सिग्नल हँडलरमध्ये काय करायला परवानगी असते हे ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा यावा असंच ते होतं. २०१६ मध्ये, १.१९ आवृत्तीत, एक्सनं इनपुटसाठी स्वतंत्र थ्रेड आणला. ग्नोम डेस्कटॉपच्या खिडक्या सांभाळणाऱ्या मटरनं तेच २०२१ मध्ये, ग्नोम ४० बरोबर केलं. म्हणजे दुखणं खरं होतं, आणि औषध वेगळा थ्रेड हे होतं. त्यासाठी कर्नलमध्ये घर बांधायची गरज पडली नाही.

आता अर्थ लावायचं काम कर्नलकडे दिलं तर काय होतं, याचा अंदाज बांधायची गरज नाही, कारण ते एकदा करून झालं आहे. लिनक्स कर्नलमध्ये माऊसडेव्ह नावाचा एक भाग आहे. कुठलंही उपकरण असो, त्याला जुन्या पीएस/२ माऊसचं सोंग देऊन वरच्या प्रोग्रॅमपुढे उभं करायचं, हे त्याचं काम. टचपॅड बोटाची जागा सांगतो, माऊस फक्त किती सरकला ते सांगतो; मग एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला पडदा केवढा आहे हे कळायला हवं. कर्नलला पडद्याचं काय माहीत? म्हणून तिथे एक आकडा गृहीत धरला गेला: १०२४ बाय ७६८. टॅप ओळखण्यासाठीही त्यात एक मुदत आहे, २०० मिलिसेकंदांची. आज तुमच्या मांडीवर ४के पडद्याचा लॅपटॉप असला तरी त्या फायलीतला पडदा अजून २००० सालच्या मॉनिटरएवढाच आहे. आळसामुळे नव्हे. लिनक्समध्ये कर्नलचा एक लोखंडी नियम आहे की बाहेरच्या चालत्या प्रोग्रॅमला मोडायचं नाही. हा नियम चांगला आहे, पण त्यामुळेच कर्नलमध्ये एकदा शिरलेला अंदाज सहसा बाहेर पडत नाही. लिबइनपुटला उद्या तळहात ओळखण्याची अधिक चांगली रीत सापडली तर पुढच्या आवृत्तीत जुनी रीत फेकून देता येते. कर्नलमध्ये तीच रीत वारसाहक्कानं नांदते.

युजर स्पेसमध्ये असं काही गोठत नाही, असा माझा दावा नाही. १९८७ सालच्या एक्स११ प्रोटोकॉलमध्ये कळेच्या क्रमांकाला एकच बाइट दिली होती, म्हणून २५५ च्या पुढची कळ त्याला दिसतच नाही. मायक्रोफोन बंद करायच्या कळेला कर्नलनं क्रमांक दिला २४८. एक्स त्यात आणखी ८ मिळवतो. झाले २५६, आणि कळ गायब. मग उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या यूडेव्हच्या यादीत त्या कळेला एफ२० म्हणायचं ठरलं. अशी भुताटकी दोन्हीकडे असते. फरक एवढाच की एक्सच्या जागी वेलँड हा नवा प्रोटोकॉल आणता आला. कर्नल बदलून दुसरा आणायला कुणी जात नाही.

सुरक्षेचा विषय निघाला की कर्नलपक्ष जरा हळू बोलतो, आणि त्याला कारण आहे. विंडोज एनटीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये खिडक्या, चित्रं आणि इनपुट सांभाळणारा भाग कर्नलबाहेर, स्वतंत्र प्रक्रियेत होता. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये तो कर्नलमध्ये हलवला गेला. कारण? वेग. त्या निर्णयाबरोबर कळफलकाचे तक्ते हाताळणारा कोडही कर्नलच्या अधिकारानं चालू लागला. २०१० साली इराणच्या नतान्झमधल्या सेंट्रिफ्यूजवर सोडलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम उघडकीला आला. विंडोज २००० आणि एक्सपीवर सर्वाधिकार मिळवण्यासाठी त्यानं वापरलेली वाट कळफलकाच्या तक्त्यातून जात होती. तक्त्याच्या फायलीत एक आकडा असतो. कर्नल तो आकडा फंक्शनच्या यादीतला क्रमांक म्हणून वापरत होता, आणि तो यादीच्या बाहेर जातो का हे तपासत नव्हता. खोटा तक्ता लिहायचा, कर्नलला लावायला सांगायचं, की आपला कोड कर्नलच्या अधिकारानं चालणार. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०१० मध्ये ते भोक बुजवलं. जर्मन, रशियन वा मराठी कळफलकात कुठली कळ कुठे आहे हे सांगणारी निव्वळ एक कोष्टकवजा फाइल, आणि तिच्यातून यंत्राची किल्ली मिळते. चौदा वर्षांपूर्वी वाचवलेल्या मायक्रोसेकंदांचं हे व्याज.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण शेजारी ठेवतो. लिनक्सवर कळफलकाचे तक्ते वाचते ती लिबएक्सकेबीकॉमन, युजर स्पेसमधली लायब्ररी. २०१८ मध्ये तिच्यातही एकदम डझनभर त्रुटी सापडल्या. मुद्दाम बिघडवलेला तक्ता दिला की ती कोसळायची. फायली वाचणारा कोड सगळीकडे चुकतो, तसाच तोही चुकला. पण कोसळला तो वापरकर्त्याच्याच अधिकारानं चालणारा प्रोग्रॅम. सत्र बंद पडलं असतं, न जतन केलेलं काम गेलं असतं, शिव्या पडल्या असत्या. चूक तीच, पण ती कुणाच्या अधिकारानं झाली यावर तिची किंमत ठरते.

तक्त्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचं उदाहरण. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ५ दाबलं की ज्ञ यायला हवा. युनिकोडमध्ये ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ अशी तीन चिन्हं. एक्सच्या जुन्या व्यवस्थेत एका कळेच्या एका स्तरावर एकच चिन्ह बसायचं, त्यामुळे ज्ञ तिथे मावत नव्हता. क्ष, त्र, श्र यांचंही तेच. मग आयबससारखी इनपुट पद्धत त्यावर चढवावी लागते. आणि हे तर सरळ एकास एक कळफलकाचं झालं. रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांना तीच अक्षरं दाबून कधी ‘शाल’ हवी असते, कधी ‘शाळा’, कधी ‘शाला’. कुठली, ते शब्दकोशाशिवाय आणि आधीच्या वाक्याशिवाय कळत नाही. कर्नलच्या साध्या मजकुरी कन्सोलवर तर फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आता कर्नलपक्षाला विचारा: मराठी शब्दकोश कर्नलमध्ये ठेवायचा का? ते हसतात. म्हणतात, छे, ते इनपुट नव्हे, ती भाषा. म्हणजे बोटानं काय झालं आणि माणसाला काय म्हणायचं होतं यांच्यात एक रेघ आहे, हे त्यांनाही मान्य आहे. फक्त ती रेघ ते इंग्रजी लिहिणाऱ्याच्या सोयीनं ओढतात. ज्याची प्रत्येक कळ एका अक्षराला बांधलेली आहे, त्यालाच कळ म्हणजे अक्षर असं वाटू शकतं.

ती रेघ कुठे हवी, हे शीर्षकात म्हटलंच आहे. काय घडलं, कुठे घडलं, किती वाजता घडलं याचा पंचनामा कर्नलनं करावा. बोट अमुक जागी टेकलं, अमुक इतकं सरकलं, अमुक क्षणी उचललं. ती टिचकी होती की चुकून लागलेला हात, याचा निकाल दुसऱ्यानं द्यावा, कारण निकालाविरुद्ध अपील करता आलं पाहिजे.

लिनक्सची इनपुट व्यवस्था बऱ्याच अंशी असंच वागते. तिचा पाया सूसेत काम करणाऱ्या वोइतेक पावलिकनं घातला. त्याआधी एक्सच्या सेटिंगच्या फायलीत आपला माऊस कुठली बोली बोलतो हे हातानं लिहावं लागायचं, आणि कन्सोलवर माऊस चालवणारा जीपीएम व एक्स एकाच माऊसवरून भांडायचे. ते भांडण मिटलं कारण बोली ओळखणं, म्हणजे खरंच यंत्राचं असलेलं काम, कर्नलनं उचललं. हे श्रेय मी कर्नलला मनापासून देतो. प्रत्येक इव्हेंटवर कर्नल वेळेचा शिक्का मारतो, त्यामुळे वाचणाऱ्याला उशीर झाला तरी बोटाचा वेग बरोबर काढता येतो. वाचणारा फारच मागे पडला आणि रांग ओसंडली, तर कर्नल गुपचूप विसरत नाही, ‘मधले इव्हेंट गेले’ असा वेगळा निरोप देतो. २०१३ मध्ये, ३.१२ आवृत्तीत आणखी एक नेमकी सोय आली: एकदा वाचायला दिलेलं उपकरण परत काढून घेण्याची. तुम्ही दुसऱ्या वापरकर्त्याच्या सत्रात गेलात की पहिल्याच्या प्रोग्रॅमला तुमच्या कळा ऐकू येत नाहीत. हे काम बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम खात्रीनं करू शकला नसता. यंत्र गोठल्यावरही चालणाऱ्या सिसआरक्यूच्या कळा तिथेच हव्यात, हेही उघड आहे.

एकसारखेपणाचा मुद्दा फार वेळ घेणार नाही. टचपॅडची वागणूक सगळीकडे सारखी झाली ती अर्थ लावणं एका ठिकाणी गोळा झाल्यावर, आणि ते ठिकाण कर्नल नव्हतं. लिनक्सवर ते काम लिबइनपुटनं केलं. वेलँडच्या वेस्टन या नमुना प्रोग्रॅममधून निघालेली ही लायब्ररी २०१५ मध्ये १.० ला पोचली आणि आज ग्नोम, केडीई, स्वे सगळे तीच वापरतात. विंडोजकडे २०१३ च्या ८.१ आवृत्तीत प्रिसिजन टचपॅड आला. उत्पादकानं बोटांच्या जागा तेवढ्या प्रमाणित पद्धतीनं सांगायच्या, हावभावांचा अर्थ विंडोज लावणार. उत्पादकांचे आपापले शहाणपण मिरवणारे ड्रायव्हर तिथून मागे पडत गेले. ॲपलनं २०१९ च्या कॅटालिनापासून बाहेरच्या ड्रायव्हरांना कर्नलमधून हलायला सांगितलं, त्यात इनपुटचेही आले.

घासलेल्या माऊसचं एक छोटं कोडं मात्र मला आवडतं. बटणाखालची पट्टी झिजली की एका दाबात दोन क्लिक उमटतात. हा तर यंत्राचा दोष, मग तो कर्नलनं का निस्तरू नये? कारण दोन क्लिक खरंच झाले की नुसती पट्टी थरथरली, हाही अंदाजच आहे. लिबइनपुट हे बाहेर करते, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. यंत्राचा दोष ओळखायलाही कधी कधी माणसाचा हात ओळखावा लागतो.

याच्या उलट टोकाला, सगळंच बाहेर काढा म्हणणारे आहेत. १९९२ मध्ये टॅननबॉम आणि टोरवाल्ड्स यांच्यात मायक्रोकर्नलवरून, म्हणजे गाभा किती लहान ठेवायचा यावरून, जे पेटलं त्याची राख ते अजून फुंकत असतात. त्यांची व्यवस्था चालत नाही असं कुणी म्हणू नये. क्यूएनएक्समध्ये ड्रायव्हर बाहेर असतात आणि त्यावर मोटारी धावतात. गुगलची फ्यूशिया २०२१ पासून नेस्ट हबच्या स्पर्शपडद्यावर चालते आहे. पण लिनक्ससारख्या कर्नलवर राहून प्रत्येक प्रोग्रॅमनं कच्च्या उपकरणाशी थेट बोलायचं म्हटलं तर दोन मालकांचं घर होतं. स्टीम या गेमिंग मंचाच्या कंट्रोलरचं तसंच झालं. स्टीमचा प्रोग्रॅम त्याच्याशी थेट बोलायचा. २०१८ मध्ये कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आला, तेव्हा स्टीम चालू आहे का हे ओळखून आपण बाजूला व्हायचं, एवढ्यासाठी त्या ड्रायव्हरला कसरत करावी लागली.

आता माझ्या बाजूची दुखरी जागा. एचआयडी या इनपुट उपकरणांच्या प्रमाणानुसार प्रत्येक कळफलक, माऊस, टचपॅड जोडल्याबरोबर स्वतःचं वर्णन संगणकाला देतो, आणि ते वर्णन लिनक्समध्ये कर्नलच वाचतो. ते देणारं उपकरण विश्वासाचं असेलच असं नाही. २०१३ मध्ये केस कुक या सुरक्षातज्ज्ञानं याच भागातल्या डझनभर त्रुटी एकदम बाहेर काढल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं सर्बियातल्या एका विद्यार्थी आंदोलकाच्या अँड्रॉइड फोनचा तपास जाहीर केला. तो कुलूपबंद फोन सेलेब्राइट या फोन उघडण्याची साधनं विकणाऱ्या कंपनीच्या साधनानं यूएसबीवाटे उघडला गेला होता. त्या तपासात कर्नलमधल्या ज्या तीन त्रुटी पुढे आल्या त्यातली एक एचआयडीच्या गाभ्यात होती: अहवालासाठी घेतलेली मेमरी आधी पुसली जात नव्हती. म्हणजे पंचनामा करणाऱ्यालाही फसवता येतं. मग वर्णन वाचणंही बाहेर न्यावं का? डिस्कचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा बाहेरचं जग जेमतेम उठलेलं असतं, आणि कळफलक तर तेव्हाही चालायला हवा. म्हणून वाचणारा कोड कर्नलमध्ये राहो, पण लहान राहो आणि यंत्रानं अहोरात्र ठोकून तपासलेला असो.

आणि त्याला लहान ठेवायचा मार्ग २०२३ मध्ये, ६.३ आवृत्तीत, बेंजामिन तिस्वारनं आणलेल्या एचआयडी-बीपीएफनं मोकळा केला. तोवर चेरीच्या सायमोशन कळफलकासारख्या उपकरणानं वर्णनात दोनचार बाइट चुकवल्या की त्या दुरुस्त करायला कर्नलमध्ये अख्खा ड्रायव्हर लागायचा. दुरुस्ती लिहा, मंजूर करून घ्या, दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या आवृत्तीत तिचा नंबर लागेपर्यंत थांबा, मग तुमच्या वितरणानं ती उचलायची वाट पाहा. आता तीच दुरुस्ती छोट्या बीपीएफ प्रोग्रॅमच्या रूपात बाहेरून चढवता येते.

कर्नलपक्ष यावर टाळी वाजवून म्हणतो: बघा, शेवटी कोड कर्नलमध्येच चालला ना? चालला. पण चढण्याआधी तो ठरलेल्या मेमरीबाहेर जात नाही आणि कधीतरी थांबतो, हे कर्नलनं स्वतः पडताळून पाहिलं. स्टक्सनेटच्या तक्त्यातला तो आकडा असाच पडताळला गेला असता तर दारातच अडला असता. शिवाय हा प्रोग्रॅम चुकीचा निघाला तर उतरवून ठेवता येतो, यंत्र पुन्हा सुरू न करता. आणि तो दुरुस्त काय करतो, तर उपकरणानं स्वतःबद्दल चुकीचं सांगितलेलं वर्णन आणि त्यानं पाठवलेले बिघडलेले आकडे. टचपॅडवर टेकलेला तो तळहात आहे की बोट, हा प्रश्न ते आकडे कर्नलबाहेर आल्यावर लिबइनपुटच सोडवते.